माझा गुरुवार आणि रेस न घेणारी गाडी

खरं सांगते, त्या दिवसांत मी देवापुढे बसत होते, पण मन काही बसत नव्हतं. दिवा लावायचा, पोथी उघडायची, आणि डोळे ओळींवरून फिरत असताना कान मात्र मागच्या खोलीकडे लागलेले. तिथे वन्सं पडून असत. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच, इंदूरला राहत होत्या. पावसाळ्याच्या तोंडाशी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय आधीच कमजोर, त्यामुळे ऑपरेशनला कोणी डॉक्टर हो म्हणेना. मग काय, पलंग आणि त्या. कूस बदलायची तरी दोन माणसं लागत. आम्ही उचललं की त्या दात आवळून धरत आणि वर पंख्याकडे बघत राहत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचा स्वभावच तसा, दुसऱ्याला आपला त्रास ऐकू जाऊ द्यायचा नाही.

त्यांनी एकच मागितलं होतं. मैयाच्या पाण्यात एकदा बसवा म्हणत होत्या. मैया म्हणजे आमच्याकडे नर्मदा, वेगळं सांगायला लागत नाही. ह्यांचं नि वन्संचं लहानपण महेश्वरला गेलं, घाटाच्या अगदी वर घर. बाकीची मुलं नावेची दोरी धरून डुंबत तेव्हा ही मुलगी मधल्या धारेपर्यंत जाऊन परत येई, असं हे अजून कौतुकाने सांगतात. लग्न झालं, साडी आली, पोहणं संपलं. पुढे कितीदा महेश्वरला गेल्या तरी पायरीवर बसून लोटाभर पाणी डोक्यावर घेऊन परत. आता त्या लोट्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं. पाण्यात बसवा, म्हणजे पाण्यात.

मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स करू या. तर म्हणाल्या, "त्यात नको गं. लोक रस्ता देतील, हात जोडतील, आणि मी आत जिवंत असेन. बरं दिसत नाही ते." साध्या मोटारीत त्यांना बसवणं शक्य नव्हतं, पाय दुमडत नव्हता. राहिली आमची पिकअप. हे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून एक जुनी डिझेल पिकअप घेतली आणि मंडपवाल्यांचं, फर्निचरवाल्यांचं सामान पोहोचवायला लागले. आता वय झालं, फेऱ्या कमी झाल्या, पण गाडीची सेवा कमी नाही. रोज पुसणार, दसऱ्याला तिला हार माझ्या देव्हाऱ्यापेक्षा मोठा. मागच्या हौद्यात गादी टाकायची, वर ताडपत्रीचं छप्पर आहेच, वन्संनी आडवं पडून जायचं, असं ठरलं. ठरलं आणि अडलं, कारण गाडीनेच तेव्हा असहकार पुकारला होता.

दुखणं असं होतं की गाडी सुरू व्हायची, शहरातल्या शहरात नीट चालायची, आणि जरा लांब गेली की रेस घेईनाशी व्हायची. मतलब इंजिन बंद पडायचं नाही. आपलं गुरगुरत राहायचं. ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबला तरी त्या गुरगुरण्यात काही फरक नाही, जसं काही दाबलंच नाही. देपालपूरला एकाची कपाटं टाकायला गेले होते तेव्हा अर्ध्या वाटेत हे झालं. कडेला लावली, चहा घेतला, तासाभराने परत बसले तर गाडी शहाण्यासारखी चालली. आता अशा आजाराला काय म्हणायचं?

पोलोग्राउंडच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने केबल बघितली, हवेची जाळी बघितली, डिझेल फिल्टर बदलला, नोझल काढून तपासले, शेवटी डिझेल ओढणारा पंपही नवा टाकला. दर वेळी चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, गाडी मक्खन आहे. आणि दर वेळी लांब गेलं की तेच. शेवटी तो वैतागला. वाईट माणूस नाही तो, पण बोलून गेला, "बाबूजी, गाड़ी में कुछ नहीं है. आपके मन में है." हे हसले तिथे, पण घरी येऊन बराच वेळ अंगणातल्या पायरीवर बसून राहिले. रात्री जेवताना मला म्हणाले, बघ बरं, माझ्याच पायात जोर राहिला नसेल. मला वाटतं मी दाबतोय, आणि दाबला जात नसेल.

तेव्हा माझं देवाशी जरा वाजलं. भांडणं हा माझा हक्कच आहे, कारण मी त्याला माझी सगळ्यात आवडती वस्तू दिलेली आहे. लोक काशीला जाऊन वांगं सोडतात, पेढा सोडतात. मी विचार केला, मला सगळ्यात काय आवडतं? बोलणं. म्हणून मी दर गुरुवार सोडला. उठल्यापासून संध्याकाळी दत्तापुढे दिवा लागेपर्यंत शब्द नाही. वर्षानुवर्षं चाललंय. शेजारी म्हणतात, गुरुवार हा आमच्या गल्लीचा सुट्टीचा दिवस. असू दे. तर मी देवाला म्हटलं, मी तुला इतके गुरुवार दिले, तू एका म्हातारीला एक दुपार देऊ शकत नाहीस?  पोथी मिटली आणि उठले.

मग एका सकाळी वन्संना धाप लागली. डॉक्टर घरी आले, इंजेक्शन दिलं, धाप बसली. जाताना फाटकापाशी ह्यांना म्हणाले, हृदय थकलंय, कुठे न्यायचं मनात असेल तर आजच न्या, उद्याचं मी सांगू शकत नाही. आणि तो दिवस होता गुरुवार.

मी खुणेने ह्यांना विचारलं, मौन मोडू का? रस्त्यात कशाची गरज पडेल, कोणाला विचारावं लागेल. वन्संनी पलंगावरून ते बघितलं. म्हणाल्या, "मोडू नकोस. तुझ्या बडबडीत मला मैया ऐकू नाही यायची." इतक्या धापेनंतरही चेष्टा सुचत होती. तिथे बाकीचं ठरलंच. शेजारच्या चार जणांनी चादरीसकट त्यांना उचलून हौद्यात गादीवर ठेवलं, मी डोक्याशी बसले, हे पुढे एकटे. टाकी भरून घेतली आणि निघालो.

राऊ गेलं, महू गेलं. गाडी इतकी छान चालली होती की मला मिस्त्रीचं म्हणणं खरं वाटायला लागलं. ताडपत्रीच्या फटीतून उन्हाची रेघ आत येत होती आणि वन्संच्या कपाळावर हलत होती. मी जप करत होते. वन्सं डोळे मिटून हळूच विचारायच्या, कुठे आलो, आणि मला सांगता यायचं नाही, मग स्वतःच म्हणायच्या, हं, गुरुवार.

मानपूर ओलांडलं आणि चढावर तेच झालं. आवाज खाली आला, गाडी रांगायला लागली, मागचे ट्रक हॉर्न देत बाजूने काढायला लागले. ह्यांनी कशीबशी ती एका झाडाखाली, रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद केलं आणि परत सुरूच झालं नाही तर, ही त्यांना भीती. मागे येऊन त्यांनी ताडपत्री बाजूला केली. चेहरा बघूनच मला समजलं. पुढे घाट आहे, उतरताना इंजिन हाताशी नसेल तर मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकांपुढे गाडी न्यायची कशी, आणि कशीतरी उतरलीच तर आजारी माणसाला घेऊन परत चढायची कशी. तासभर थांबून निघालो तरी घाटातच परत हे व्हायचं. हे सगळं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मग म्हणाले, "अक्का, आपण मागे फिरू या."

 वन्संनी मान वळवून फळीकडे तोंड केलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, त्यांनी कोणाकडे पाठ केलेली मी पाहिली नव्हती.

माझ्या घशापर्यंत शब्द आले होते. ह्यांना सांगायचं होतं की चला, जे होईल ते होईल. देवाला तर बरंच काही सांगायचं होतं. मी ओठ मिटून बसले, ते भक्तीमुळे होतं असं मी म्हणणार नाही. हट्टाने बसले. तुला काही ऐकायचंच नाही ना, मग मी बोलत नाही, असं काहीसं.

त्या झाडाखाली एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसलेली. त्या दिवसांत मानपूरच्या रस्त्यावर अशा पुष्कळ बसतात. आमच्या गाडीचा धूर नेमका तिच्या तोंडावर. थोडा वेळ तिने पदर नाकाला लावून बघितलं, मग तिथूनच म्हणाली, "बाबूजी, बंद कर दो नी इनके. धुँवो सगलो म्हारा फल पे अई रियो."

हे म्हणाले, "बाई, बंद की तो फिर चालू नहीं होगी."

"नी वेगी तो धक्को लगई दांगा. बंद तो करो."

नाहीच सुरू झाली तर धक्का मारू, असं तिचं म्हणणं. ह्यांच्यात वाद घालायचं त्राण राहिलं नव्हतं. गेले आणि चावी फिरवली.

इंजिन थांबलं. नेमके त्या वेळी रस्त्यावर ट्रकही नव्हते. एकदम शांत झालं. आणि माझ्या खालून, हौद्याच्या फळ्यांखालून, एक बारीक आवाज यायला लागला. कसा सांगू? नाक चोंदलेलं लेकरू झोपेत श्वास ओढतं ना, तसा. बारीक, ताणलेला, न थांबणारा. मी कान फळीला लावला. कोणीतरी हवा आत ओढून घेत होतं आणि त्याला ती पुरत नव्हती.

मी खाली उतरले, गुडघ्यांवर बसले, आणि आवाजाच्या मागे मागे गेले. तो डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी होता. झाकणावर बोट ठेवलं तर तिथे तो जाणवत होता. मी ह्यांना हाताने बोलावलं. ह्यांना वाटलं मला पाणी हवं. मी मान हलवली. मग त्यांना वाटलं टायर. मग वाटलं मला आडोशाला जायचंय. ती सीताफळवाली हे सगळं मजेत बघत होती. तिने ह्यांना विचारलं, "माजी गूंगी हे कई?"

हे म्हणाले, "आज के दिन है."

शेवटी मी त्यांचा हात धरला आणि झाकणावर ठेवला. त्यांनी कान जवळ नेला. मग झाकण फिरवायला लागले तर ते फिरेना, आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीने असा लांब श्वास घेतला की ती बाईही उठून उभी राहिली. हे झाकण हातात घेऊन त्याच्या आतल्या बाजूकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, मीच गळा दाबला होता हिचा."

त्याचं असं झालं होतं. आमचं शहर स्वच्छतेच्या बाबतीत किती हळवं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात टाकीचं जुनं झाकण हरवलं, बाजारातून दुसरं आणलं, ते ढिलं बसायचं. वळणावर चमचाभर डिझेल रस्त्यावर सांडायचं. गल्लीतली पोरं म्हणायला लागली, काय भिया, इंदूरचा नंबर घालवता का. ह्यांना ते लागलं. त्यांनी सायकलच्या ट्यूबचा छान गोल वॉशर कापला, दुहेरी केला, आणि झाकण इतकं घट्ट केलं की थेंब बाहेर पडायची टाप नाही. त्या झाकणाला आतून हवेचं बारीक भोक असतं, ते त्या वॉशरखाली झाकलं गेलं. थेंब बाहेर पडेना हे खरं, पण हवाही आत जाईना. आपण तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडखळतं? दुसरं भोक पाडलं की धार लागते. टाकीचंही तेच. डिझेल संपत जाई तशी आतली जागा रिकामी होई, ती भरायला हवा नाही, मग पंप ओढून ओढून थकायचा. मिस्त्री गाडी हातात घेताना टाकी उघडून डिझेल बघायचा, की श्वास मोकळा, की गाडी मक्खन. आणि हे रस्त्यात कधी इंजिन बंद करायचे ते चहाच्या टपरीवर, गर्दीत, रेडिओच्या आवाजात. तिथे कोणाला काय ऐकू येणार होतं.

ह्यांनी वॉशर काढून खिशात टाकला, झाकण नुसतं फिरवून लावलं आणि चावी फिरवली. पाय ठेवल्याबरोबर इंजिनचा आवाज उठला. परत ठेवला, परत उठला. हे केबिनमधून उतरलेच नाहीत थोडा वेळ. मला माहीत आहे ते काय करत होते. पायात जोर आहे की नाही ते बघत होते. हौद्यातून वन्संचा आवाज आला, "चला मग, आता कशाची वाट?"

मी हा अनुभव कोणाला सांगितला की ऐकणारे म्हणतात, अहो, ती बाई म्हणजे मैयाच. मी वाद घालत नाही. पण ती नाहीशी वगैरे झाली नाही, हेही सांगायला हवं. परतताना ती तिथेच होती, उरलेली फळं आम्हीच घेतली. तोपर्यंत दिवेलागण होऊन माझं मौन सुटलं होतं, म्हणून मी तिला सगळं समजावून सांगितलं, की बाई, तू बंद करायला लावलंस म्हणून आम्ही पोहोचलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हारे तो धुँवो लागी रियो थो." आणि पिकलेली वेगळी, कच्ची वेगळी करायला लागली. मला ते उत्तर पुरतं. ज्याच्या हातून आपलं काम होतं त्याला ते माहीत असायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

महेश्वरला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. घाटावरच्या दोन नावाड्यांनी चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची आणली, वन्संना तिच्यात ठेवलं आणि एकेक पायरी उतरवलं. दर पायरीला त्यांचे दात आवळलेले. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. छातीशी आलं तशी नावाड्यांनी खुर्ची खालून काढून घेतली आणि ह्यांनी काखेत हात घालून बहिणीला धरलं. मी वरच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. वन्संचा चेहरा मला समोर दिसत होता. त्यावरचं आवळलेपण हळूहळू जाताना मी पाहिलं. जो पाय आम्हाला बोटभर हलवता येत नव्हता, तो पाण्यात आपोआप वर आला, कोणी न उचलता, आणि त्यांना काही दुखलं नाही.

वन्सं म्हणाल्या, "बाळू, सोड."

"अक्का, धार आहे इथे."

"सोड रे. ती धरतेय ना मला."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार होते? त्यांनी एक हात काढला. मग दुसराही काढला, पण पाण्याखाली, त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर तसाच उघडा ठेवला. वन्सं उताण्या झाल्या, कान पाण्यात, डोळे आभाळाकडे, पांढरे केस पसरलेले. हात दोन्ही बाजूंना सुटे. मघाशी फळीकडे फिरवलेलं तोंड ते हेच, हे मला पटेना. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं तेवढाच आवाज.

तेव्हा मला एक दिसलं. दोघांपैकी म्हातारा नावाडी त्यांच्या मागे पाण्यात उभा होता आणि वन्संच्या पदराचं टोक त्याने पाण्याखाली मुठीत धरलं होतं. अगदी सैल धरलं होतं. ओढ नाही, ताण नाही. वन्संना त्याचा पत्ताही नव्हता. त्या मोकळ्या तरंगत होत्या आणि मोकळ्याच होत्या. धार त्यांना जरा खाली न्यायला लागली की तो नुसता एक पाऊल त्यांच्याबरोबर सरकायचा.

वन्सं त्यानंतर दिवाळी बघून गेल्या. घरीच, सकाळी, चहा मागितला आणि मी आणेपर्यंत. चेहरा तसाच होता, आवळलेला नव्हता. हे रडले, मीही रडले, पण ते रडणं वेगळं, त्यात काही राहून गेल्याचं नव्हतं. त्याबद्दल मी रोज दिवा लावताना हात जोडते.

मी शिकलेली नाही, शरणागती वगैरे मोठे शब्द मला पेलत नाहीत. देवाशी माझं अजून वाजतं, तो स्वभाव जाणार नाही. पण भांडण झालं, सगळं हातातून सुटल्यासारखं वाटलं, की मला तो नावाडी आठवतो. मग मी मागे वळून बघत नाही, की माझ्या पदराचं टोक कोणी धरलंय का. वन्संनी कुठे बघितलं होतं?